गणेशोत्सव मंडळांना खुलं पत्र: यंदाच्या नेत्रतपासणी शिबिरात डोळ्याचा पडदाही बघा

मुंबईतल्या सगळ्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि मुख्य म्हणजे खुर्च्या लावणाऱ्या, रजिस्टर लिहिणाऱ्या सगळ्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

एव्हाना तुमच्या मीटिंगा चालू झाल्या असतील, पावती पुस्तकं छापायला गेली असतील, आणि दहा दिवसांच्या कार्यक्रमांचा कागद कुणीतरी लिहायला घेतला असेल. त्या कागदावर रक्तदान, पाककला स्पर्धा, हळदीकुंकू, मुलांची चित्रकला यांच्यामध्ये कुठेतरी एक ओळ दरवर्षी असतेच, "मोफत नेत्रतपासणी व चष्मेवाटप शिबिर". मला फक्त त्या एका ओळीबद्दल बोलायचंय, आणि जरा लांबलचक बोलणार आहे, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा आणि मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले, कॉलेजला असल्यापासून मंडळाचं काम करते. आमच्या मंडळाचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही मंडळात होऊ शकलं असतं, आणि माझ्या मते दरवर्षी कुठे ना कुठे होत असणारच.

माझे बाबा जुळारी होते. नवीन पोरांना हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगते, पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे, अक्षरं सगळी उलटी, तरी ती सुलट्यासारखी वाचत जायची, हे काम करणारा तो जुळारी. छापखाने ऑफसेटवर गेले तेव्हा बाबा प्रुफं तपासायला लागले. आणि रिटायर झाल्यावर मंडळाच्या अहवालाचं प्रूफ दरवर्षी आमच्या घरी यायचं. जाहिरातीतल्या फोन नंबरात एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी बाबांना दिसायचा. लाल पेन, खिडकीजवळची खुर्ची आणि शेजारी चहा, दोन दिवस कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही.

ज्या वर्षाबद्दल मी सांगतेय त्या वर्षी अहवाल छापून आला आणि एका अख्ख्या पानावर "वर्गणीदार"च्या जागी "वगणीदार" छापलेलं, रफारच गायब. पोरं हसली, "काका आता म्हातारे झाले" म्हणाली, त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बाबा काही बोलले नाहीत, पण रात्री मी बघितलं, ते ट्यूबलाइटखाली उभं राहून तेच पान हाताने जवळ-लांब करत होते.

त्याच वर्षी गणपतीत पाचव्या दिवशी आपलं शिबिर होतं. मंडपाच्या बांबूला अक्षरांचा तक्ता बांधलेला, समोर खुर्ची, एक मुलगा नंबर काढत होता, दुसरा टॉर्च मारून मोतीबिंदू बघत होता, आणि रजिस्टर लिहायला मी बसले होते. रकाने होते नाव, वय, खोली नंबर, चष्म्याचा नंबर, शेरा. बाबांचं नाव मीच लिहिलं. नंबर थोडा वाढलाय, मोतीबिंदू अजून काढण्याइतका नाही, डोळे मस्त आहेत काका, असं सांगितलं त्यांनी, आणि शेऱ्यात मी "ठीक" लिहिलं. बाबांना तेव्हा सोळा वर्षांची शुगर होती. आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्या टेबलावर ते कुणी विचारलं नाही आणि मला सांगायचं सुचलं नाही. शुगरचा आणि डोळ्याचा काय संबंध हेच मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटायचं शुगर म्हणजे पायाची जखम आणि किडनी.

माघी गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, अगं, उजव्या डोळ्यासमोर कुणी शाई सांडल्यासारखं झालंय, ती खाली ओघळतेय. दुखत काहीच नव्हतं. डोळा बाहेरून लालसुद्धा नव्हता. दुपारपर्यंत त्या डोळ्याला हाताची बोटं मोजता येईनात.

मग जे कळलं ते सगळं मला त्या शिबिराच्या आधी कळायला हवं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात, आपण जे बघतो त्याचं चित्र तिथे पडतं. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की या पडद्यातल्या केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, काही पाझरतात, काही बंद पडतात. बंद पडल्या की पडद्याच्या त्या भागाला ऑक्सिजन मिळेनासा होतो, मग तो भाग नवीन वाहिन्या मागायला लागतो आणि त्या उगवतातही, पण इतक्या कच्च्या असतात की कधीतरी फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं. बाबांना शाई दिसली ती हीच. याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात. आणि सगळ्यात घातकी गोष्ट अशी की हे सगळं आत चालू असताना माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचू शकतो. ६/६ नजर आणि आत कच्च्या वाहिन्यांचं जाळं, हे दोन्ही एकाच डोळ्यात असू शकतं. म्हणजे आपण बांबूला बांधतो त्या तक्त्याने हा आजार सापडतच नाही, आणि टॉर्चनेही नाही. त्या मुलांची चूक नव्हती, ते जे बघायला आले होते ते त्यांनी नीट बघितलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्याच्या आतला जेलीसारखा भाग आणि रक्त बारीक नळीने कापत-ओढत बाहेर काढतात, हे तंत्र रॉबर्ट माखेमर नावाच्या सर्जनने १९७० साली मायामीत पहिल्यांदा माणसावर वापरलं, आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर ते यंत्र चालवून बघितलं होतं म्हणे. रक्त निघालं, पण पडदा मधोमध ओढला गेला होता, त्या डोळ्याने बाबांना आता फक्त उजेड आणि सावली कळते. डाव्या डोळ्यातही सुरुवात झाली होती, पण तो वेळेत सापडला आणि त्याला लेझर केलं.

लेझरच्या दिवशी मी आत उभी होते. बाबांची हनुवटी मशीनच्या पट्टीवर, कपाळ टेकवलेलं, डोळ्यात सुन्न करायचे ड्रॉप आणि वरून जेल लावलेली जाड काच डॉक्टरांनी बोटांनी धरलेली. पायाशी पेडल. डॉक्टर "हलू नका काका" म्हणाले आणि हिरवा उजेड टक, टक, टक असा पडायला लागला, भिंतीवरसुद्धा हिरवी झाक दिसायची. बाबांनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. शेकडो ठिपके एका बसणीत, अशा तीन बसण्या. डॉक्टरांनी समजावलं की कडेचा पडदा थोडा थोडा जाळून टाकतो, म्हणजे त्याची ऑक्सिजनची मागणी कमी होते, मग त्या कच्च्या वाहिन्या सुकून जातात आणि मधली नजर वाचते. कडेचं आणि रात्रीचं दिसणं थोडं कमी होतं, तेवढी किंमत मोजायची. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकतं. हे वाक्य मी त्या दिवसापासून खूप जणांना सांगितलंय.

घरी आल्यावर मी शोधायला लागले की उजेडाने डोळा वाचवायची ही गोष्ट सुचली कुणाला. आणि जे सापडलं ते वाचून मी रात्रभर जागी होते, त्यामुळे तेही तुम्हाला सांगते.

गेर्ड मायर-श्विकेराट नावाचा एक तरुण जर्मन डॉक्टर होता. ९ जुलै १९४५ ला युरोपात सूर्यग्रहण दिसलं, महायुद्ध नुकतंच संपलेलं. ग्रहण उघड्या डोळ्याने बघितलेल्यांच्या पडद्यावर सूर्याने भाजल्याचा डाग पडतो, तसा डाग पडलेला एक मेडिकलचा विद्यार्थी त्याच्यासमोर आला. आपल्याकडे ग्रहणात बाहेर बघू नको म्हणून आजी ओरडायची, त्यातला डोळ्यापुरता भाग अगदी खरा आहे. पण या डॉक्टरला त्या डागात वेगळंच दिसलं. त्याच्या लक्षात आलं की पडदा फाटल्यावर सर्जन बाहेरून चटका देऊन जो डाग मुद्दाम तयार करतात, म्हणजे फाटलेली कड चिकटून बसते, तसाच हा डाग आहे. मग डोळा न कापता, बाहुलीतून नुसता उजेड आत सोडून हा डाग हवा तिथे पाडता आला तर?

जो उजेड डोळा जाळतो त्यानेच डोळा वाचवायचा, एवढीच कल्पना. पण तेवढा प्रखर दिवा तेव्हा कुठे होता? मग हॅम्बुर्गच्या हॉस्पिटलात त्याने छतावरून आरसे लावून थेट सूर्याचा उजेड खाली आणला, सूर्य सरकेल तसा आरसा सरकवायचा, तो उजेड दुर्बिणीसारख्या भिंगांतून बारीक करायचा आणि पेशंटच्या पडद्यावर सोडायचा. १९४९ च्या सुमाराला त्याने असे पेशंट खरंच बरे केले. आता विचार करा, ढग आला की काम बंद. म्हणून पुढे तो कार्बनच्या काड्यांमधला विजेचा प्रखर दिवा वापरायला लागला, आणि १९५० च्या दशकात झाइस कंपनीच्या हान्स लिटमन यांच्यासोबत झेनॉन वायूच्या दिव्याचं मशीन तयार केलं, तेव्हा कुठे हे दुसऱ्या डॉक्टरांच्या हातात गेलं. १९६० साली थिओडोर मेमनने पहिला लेझर पेटवला आणि काही वर्षांतच डोळ्याच्या डॉक्टरांनी तो उचलला, १९६८ साली फ्रान्सिस लेस्परन्स यांनी आर्गॉन लेझर माणसाच्या डोळ्यावर वापरला, बाबांना दिसला त्या हिरव्या उजेडाचा पूर्वज तोच. (लेझरच्या गोष्टीत आपलाही माणूस आहे, बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकलेले कुमार पटेल, त्यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. पडद्यासाठी तो वापरत नाहीत, पण बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की तो इथे लिहिल्याशिवाय राहवेना.)

पुढे अमेरिकेत सतराशेच्या वर डायबेटिसच्या पेशंटवर मोठी चाचणी झाली, एका डोळ्याला उजेडाचे चटके द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि १९७६ मध्ये निकाल आला की चटके दिलेल्या डोळ्यांत नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहूनही कमी झाला. १९७६! म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून हे जगाला माहीत आहे. डोळ्याच्या आत बघायचं साधन तर त्याहून जुनं, हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली जगाला दाखवलेलं, केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ ला गणपती बसला त्याच्याही चाळीस वर्षं आधीचं.

म्हणजे बघण्याचं साधन होतं, वाचवण्याचं मशीन होतं, ते चालवणारे डॉक्टर याच शहरात होते. बाबांचा उजवा डोळा गेला तो या सगळ्यापर्यंत ते वेळेत पोचले नाहीत म्हणून, आणि पोचवण्याची जागा आपलं शिबिर होती. हे मला आजही झोपू देत नाही. रजिस्टरमध्ये "ठीक" माझ्या अक्षरात आहे.

आता यंदा काय करता येईल ते सांगते, कारण मी तक्रार करायला हे लिहिलेलं नाही.

पहिलं म्हणजे रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, "शुगर आहे का, किती वर्षं". याला एक पैसा लागत नाही. ज्याला शुगर आहे त्याचा नंबर कितीही छान निघो, त्याला वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावाच लागतो, आणि टाइप टू शुगर असेल तर ती सापडली त्या दिवसापासूनच, कारण ती कधी सुरू झाली हे कुणालाच माहीत नसतं. आयसीएमआरचा जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आहे, तेव्हा तुमच्या मंडपात शंभर माणसं आली तर त्यात शुगरवाले बरेच असणार हे सांगायला माझी गरज नाही, आपापली चाळ डोळ्यासमोर आणा.

दुसरं, शिबिरासाठी ज्या हॉस्पिटलला किंवा संस्थेला बोलावता त्यांना फोनवरच विचारा, पडद्याचा फोटो काढायचा कॅमेरा आणणार का? त्याला फंडस कॅमेरा म्हणतात. पूर्वी हे मशीन टेबलाएवढं असायचं, आता बंगळुरूच्या कंपन्यांनी हलके कॅमेरे बनवलेत, फोरसचा थ्रीनेत्र आहे, रेमिडिओचा तर स्मार्टफोनवरच बसतो. आणि हे मुंबईत करून बघितलेलं आहे बरं का, आपल्या महापालिकेच्या दवाखान्यांत शुगरच्या दोनशेच्या वर पेशंटचे पडद्याचे फोटो आरोग्य सेविकांनी फोनच्या कॅमेऱ्यावर काढले, फोनमधल्याच एआयने इंटरनेटशिवाय ते तपासले, आणि डॉक्टरकडे पाठवायलाच हवा असा एकही पेशंट त्यातून सुटला नाही, २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झालाय. काही निरोगी माणसंही उगीच पुढे पाठवली गेली, पण ते परवडलं. तेव्हा मंडपात हे कसं होणार असं म्हणू नका, दवाखान्याच्या बाकड्यावर झालंय, आपल्या मंडपात तर त्याहून जास्त जागा असते. फक्त एक कोपरा काळ्या कापडाने अंधारा करून द्या, बाहुली आपोआप मोठी होते, फोटो चांगला येतो. मंडपवाल्याला सांगितलं तर अर्ध्या तासाचं काम आहे. म्हाताऱ्या माणसांची बाहुली बारीक असते किंवा मोतीबिंदू असतो, त्यांना ड्रॉप टाकावे लागतात, ते मात्र डॉक्टर हजर असतानाच टाकू द्या.

तिसरं सगळ्यात अवघड आहे, आणि ते आपणच करू शकतो, हॉस्पिटल नाही. फोटोत दोष निघालेल्या माणसाला चिठ्ठी देऊन भागत नाही. त्याला काही दुखत नसतं, दिसतही असतं, तो चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवतो आणि विसरतो. केईएम, सायन, नायर, जेजे, सगळीकडे डोळ्यांचा विभाग आहे, पण पहाटे उठून केसपेपरच्या लाइनीत उभं राहायचं आणि एक दिवसाचा खाडा करायचा, तोही न दुखणाऱ्या डोळ्यासाठी, हे एकट्या माणसाकडून होत नाही. आपल्याकडे कार्यकर्ते आहेत. विसर्जनाला दोनशे पोरं रात्रभर चालतात, त्यातल्या दहा पोरांनी एकेका काका-मावशींना हॉस्पिटलात नेऊन आणायची जबाबदारी घेतली, नाव आणि तारीख लिहून घेतली, तर काम होतं. पुढच्या वर्षीच्या अहवालात किती चष्मे वाटले हे छापतो, त्याच्याखाली किती जणांना पडद्याच्या डॉक्टरपर्यंत पोचवलं हा आकडा छापा. चष्मेवाटप बंद करा असं मी म्हणत नाही, चष्म्याने माणसाचं रोजचं जगणं बदलतं, आईला सुईत दोरा ओवता येतो, ते चालूच राहू दे.

परळ-लालबागच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर वेगळा असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. सगळी मूर्ती रंगवून झाली तरी तो येईपर्यंत थांबतात, तो श्वास रोखून एकेक रेष ओढतो आणि तेव्हा कुणी मोठ्याने बोलत नाही. बाबा मला लहानपणी मुद्दाम ते बघायला न्यायचे.

आता बाबा डाव्या डोळ्याने पेपरातल्या हेडलाइन वाचतात, खालचा मजकूर मी वाचते. शुगर आणि बीपी दोन्ही सांभाळतो, दर चार महिन्यांनी पडदा दाखवतो. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने रजिस्टरमध्ये तो रकाना घातला, यंदा कॅमेऱ्याचं ठरतंय. ज्या मंडळांना आमच्या रजिस्टरच्या पानाचा नमुना हवा असेल त्यांनी सांगा, मी पाठवते, रविवारी तुमच्या मीटिंगला यायलाही तयार आहे.

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले सगळं ठीक आहे पण दोन गोष्टी राहिल्यात त्या टाक. शिबिर सकाळी लवकर ठेवा, कारण ड्रॉप टाकल्यावर चार-पाच तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हातारा माणूस संध्याकाळच्या गर्दीत घरी कसा जाणार. आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, सोबत घरचं एक माणूस आणावं, शुगरचे जुने कागद आणावेत. अक्षरं काळी, पाटी पांढरी, नक्षी नको, म्हणजे आम्हाला वाचता येईल.

आपली,
गिरगावातली एक कार्यकर्ती